टाक्यापासून सांध्यापर्यंत

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवणं हे गावच्या लोहाराचं सर्वांत अवघड काम. आधी दोरीनं चाकाचा घेर घ्यायचा. मग जाड पट्टी वाकवून तिचं कडं करायचं, दोन्ही टोकं ठोकून तिरकी आणि पातळ करायची, एकावर एक ठेवून भट्टीत घालायची. लोखंड नुसतं तांबडं होऊन इथे भागत नाही, पिवळ्याच्याही पुढे जाऊन ते पांढरं पडावं लागतं. तापताना त्याच्यावर खपली धरते आणि ती मध्ये राहिली तर सांधा धरत नाही. म्हणून वरून वाळू किंवा टाकणखार भुरभुरायचा. त्यानं खपली वितळते आणि घण बसताच ठिणग्यांबरोबर बाहेर उडते. नेमक्या वेळी पडलेल्या काही घावांत दोन टोकांचं एकच लोखंड होतं. त्यानंतर ते कडं गोवऱ्यांच्या आगीत लाल करायचं, तिघाचौघांनी सांडश्यांनी उचलून चाकावर बसवायचं आणि लगेच पाणी ओतायचं. लाकूड धुमसतं, लोखंड आकसतं, आरे तुंब्यात घट्ट बसतात.

साडेचार फूट व्यासाच्या धावेचा घेर सुमारे ४३० सेंटिमीटर भरतो. ती सहाशे अंशांनी तापली की घेर तीन सेंटिमीटरनं वाढतो आणि निवताना तेवढाच कमी होतो. धाव चाकापेक्षा किती आखूड ठेवायची हे लोहाराला कागद-पेन्सिलीशिवाय ठाऊक असे. फार आखूड झाली तर चाक मुरडायचं, सैल राहिली तर पहिल्याच उन्हाळ्यात निसटायची.

आज वेल्डिंग शिकणाऱ्या मुलाला पहिले काही महिने संपले की हेच आकसणं आडवं येतं. होल्डरमधला रॉड प्लेटला न चिकटवता आर्क पेटवणं, सरळ रेषेत बीड, म्हणजे वितळलेल्या धातूची रेघ, ओढणं, स्लॅग झाडून खालचा चकचकीत सांधा बघणं, एवढं चिकाटीच्या मुलाला लवकर जमतं. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. अँगलची चौकट टाके, म्हणजे तात्पुरते छोटे सांधे, मारताना काटकोनात होती, पूर्ण वेल्ड झाल्यावर गुण्या लावला तर कोपऱ्यात फट दिसते. ड्रॉइंगवर आकडा आहे, पण कापायचं किती ते त्यात लिहिलेलं नाही. हात बसलेला असतो, पण वस्तू बरोबर होत नाही. नवशिका आणि कसबी कारागीर यांच्यामधली ही पायरी महाराष्ट्रात कोणी, कुठे आणि कशी शिकवली, हा आपल्या औद्योगिक इतिहासाचा मोठा भाग आहे आणि त्याबद्दल फार थोडं लिहिलं गेलं आहे. कारखान्यांचे मालक, भांडवल आणि संप यांवर ग्रंथ झाले, सांधा मारणाऱ्याच्या शिक्षणाकडे मात्र कोणाचं लक्ष गेलं नाही.

तापवून ठोकून लोखंड सांधण्याची विद्या या देशात फार जुनी. दिल्लीचा लोहस्तंभ सात मीटरहून उंच आणि सहा टनांहून जड आहे. सोळाशे वर्षांपूर्वी लोखंडाचे गोळे तापवून एकमेकांवर ठोकत तो घडवला गेला. महाराष्ट्रातल्या किल्ल्यांवर आढळणाऱ्या बांगडी तोफाही ओतीव नाहीत. लोखंडी पट्ट्या उभ्या मांडून त्यांवर तापलेली कडी चढवायची, ती निवताना आवळली जायची आणि तोफेची नळी तयार व्हायची. चाकाच्या धावेचंच हे तंत्र.

गावगाड्यात लोहार बलुतेदार होता. नांगराचा फाळ शेवटणं, कुळवाची फास, विळे, खुरपी ही कामं वर्षभर करायची आणि सुगीला धान्याचं बलुतं घ्यायचं. शिक्षण घरातच होई. पोरगा आधी भाता ओढी, मग कोळसा ओळखायला शिके, मग सांडशी धरी. गावोगाव फिरणाऱ्या घिसाडी कुटुंबांत तर रस्त्याकडेच्या पालापुढे नवरा सांडशीनं लोखंड फिरवतो आणि बायको उभी राहून घण मारते, हे दृश्य महाराष्ट्रानं पिढ्यान् पिढ्या पाहिलं आहे. घण कुठे पडावा हे पुरुष हातोडीच्या टोल्यानं दाखवतो आणि ती बरोबर तिथेच मारते. पुढे लोखंडाची शाळा सुरू झाली तेव्हा या बायकांना तिच्यात कोणी बोलावलं नाही, ही खंत मनातून जात नाही.

रेल्वे आली आणि लोखंडाचं माप बदललं. जीआयपी रेल्वेचं परळ वर्कशॉप १८७९चं, माटुंग्याचं १९१५चं. इथे फाळाच्या जागी बॉयलर होते आणि जोडणी रिबिटांची होती. रिबिट मारणं हे एकट्यादुकट्याचं काम नव्हे. एक जण छोट्या भट्टीत रिबिटं लाल करी आणि सांडशीनं वर फेकी. दुसरा ती डब्यात झेलून भोकात घाली. तिसरा मागून जड लोखंडाचा टेकू देई आणि चौथा पुढून ठोकून तिला डोकं काढी. निवताना रिबिट आकसे आणि दोन प्लेटा एकमेकींवर दाबून धरी. जगातल्या मोठमोठ्या पुलांचं आणि बोटींचं बळ या आकसण्यावर उभं होतं. १९४३ मध्ये सुरू झालेला कोलकात्याचा हावडा पूल, सुमारे साडेसव्वीस हजार टन पोलादाचा, संपूर्ण रिबिटांवर तोललेला आहे.

वर्कशॉपमध्ये माणूस खलाशी म्हणून लागे. ओझी उचलता उचलता हत्यारांची नावं कानावर पडत. नशीब असेल तर हेल्पर, मग फिटर किंवा बॉयलरमेकर. मुंबईत १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे व्हीजेटीआय, उघडलं आणि यंत्रविद्या वर्गात शिकवता येते हे लोकांना दिसलं. लक्ष्मणराव किर्लोस्कर तिथे ड्रॉइंग शिकवत. पुढे त्यांनी बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, लोखंडी नांगर केला आणि १९१० मध्ये औंध संस्थानातल्या कुंडल रोडच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. ड्रॉइंगचा मास्तर कारखानदार झाला, ही गोष्ट आपल्याकडे चरित्रातला एक टप्पा म्हणून सांगतात. त्याहून मोठी गोष्ट अशी की त्या माळावर आसपासच्या खेड्यांतली शेतकऱ्यांची पोरं आली आणि नकाशा बघून लोखंड कापायला शिकली. बलुत्याच्या बाहेर, जातीच्या बाहेर लोखंड शिकण्याची वाट तिथे दिसली.

दरम्यान युरोपात विजेनं लोखंड वितळवण्याचे प्रयोग चालू होते. रशियन साम्राज्यातल्या निकोलाय बेनार्दोसनं १८८०च्या दशकात कार्बनच्या कांडीनं आर्क पेटवून धातू जोडण्याचं पेटंट घेतलं. निकोलाय स्लाव्यानोवनं कार्बनऐवजी धातूचीच कांडी वापरली, म्हणजे आर्कही तीच देणार आणि भरणही तीच होणार. पण उघड्या तारेचा सांधा ठिसूळ निघे, कारण हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन त्यात शिरत. स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्गनं तारेवर लेप चढवला. लेप जळून धूर होतो, तो हवेला दूर ठेवतो, आणि वर स्लॅगची साय धरते. १९०४ मध्ये गॉथेनबर्गला त्यानं कंपनी काढली, तीच पुढे एसाब म्हणून जगभर ओळखली गेली. जहाजांची दुरुस्ती हे तिचं सुरुवातीचं मुख्य काम होतं. फ्रान्समध्ये त्याच सुमारास ऑक्सिजन आणि ॲसिटिलीनचा टॉर्च तयार झाला. त्याची ज्योत तीन हजार अंशांच्या वर जाते आणि तिनं जोडताही येतं, कापताही येतं.

भारतातल्या छोट्या दुकानात आधी रुळलं ते गॅस वेल्डिंग, कारण त्याला वीज लागत नव्हती. कार्बाइडच्या टाकीत खडे टाकायचे, पाणी सोडायचं, गॅस तयार. त्याचा लसणीसारखा उग्र वास सायकल दुरुस्तीच्या आणि मोटार गॅरेजच्या गल्ल्यांत दरवळायचा. टाकीच्या तळाशी उरलेला पांढरा गाळ म्हणजे चुनाच, तो भिंतींना लावायला कामी येई. ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी १९३५ मध्ये इंडियन ऑक्सिजन अँड ॲसिटिलीन कंपनी कोलकात्यात स्थापन झाली आणि औद्योगिक गॅसचा व्यवहार देशात पसरू लागला. स्वातंत्र्यानंतर, १९५१ मध्ये, मूळ सिंधमधल्या अडवाणी समूहानं स्विस ओर्लिकॉनशी हातमिळवणी करून मुंबईत वेल्डिंग रॉड बनवण्याची कंपनी काढली. रॉड जवळ मिळू लागला आणि वेल्डिंगचा ट्रान्सफॉर्मर गल्लीबोळांत पोचला.

या दुकानांत गुरू होता उस्ताद. त्याची शिकवण्याची रीत ठरलेली असे. हेल्परनं पहिले कित्येक महिने फक्त ओढायचं, धरायचं, गंज घासायचा, स्लॅग फोडायचा. मग कटरनं भंगार कापायचं. मग टाके. उस्ताद एखादाच शब्द बोले, पण तो नेमका असे. आर्कचा आवाज ऐक, असं तो सांगे. कढईत तळण पडल्यासारखा एकसारखा चरचराट हवा, आवाज तुटला की अंतर वाढलं. ठिणगीकडे बघू नको, तिच्यामागे वितळलेलं तळं असतं त्याच्याकडे बघ. या दोन सूचनांत निम्मं वेल्डिंग आलं आणि कुठल्याही पुस्तकानं त्या याहून चांगल्या सांगितलेल्या नाहीत. काळी काच न लावता टाके मारण्याची खोडही तिथेच लागे. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होई आणि आई बटाट्याचे काप डोळ्यांवर ठेवी. काच योग्य नंबरची हवी, हे त्या मुलाला पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं.

आणि उस्ताद काही गोष्टी सांगत नसे. मार्किंग तो स्वतः करी. पत्रा किती कापायचा, कोन उलगडून कसा मांडायचा, कोणता कोपरा आधी भरायचा, हे त्याच्या डोक्यात असे आणि खडूच्या रेघा हेल्पर येण्यापूर्वीच पडलेल्या असत. यात नुसता कद्रूपणा नव्हता. शिकलेला हेल्पर समोरच्या गाळ्यात दुकान थाटतो, हे त्यानं पाहिलेलं असे. पण त्यामुळे शेकडो चांगले हात आयुष्यभर टाके मारण्यावरच राहिले.

शिक्षणाचा असा संथ क्रम त्याआधी दुसऱ्या महायुद्धानं एकदा मोडला होता. अमेरिकेत हेन्री कायझर या उद्योजकाच्या जहाजबांधणी गोद्यांत, आधी दुकानांत, घरांत, शेतांत काम करणारी माणसं, आणि त्यांत हजारो बायका, काही आठवड्यांत वेल्डर झाली. काम लहान लहान तुकड्यांत वाटलेलं, प्रत्येकाला एकाच स्थितीतला सांधा शिकवलेला. अमेरिकेतल्या अशा सगळ्या गोद्यांतून मिळून २,७१० लिबर्टी मालवाहू जहाजं उतरली. काही जहाजांना मात्र तडे गेले. १६ जानेवारी १९४३ रोजी पोर्टलंडच्या गोदीत शांत पाण्यात उभं असलेलं ‘शेनेक्टडी’ हे नवं कोरं तेलवाहू जहाज मधोमध फाटलं. आधी बोट वेल्डिंगकडे दाखवलं गेलं. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी पुढे दाखवून दिलं की मूळ कारण पोलादात आहे. विशिष्ट थंडीखाली ते ठिसूळ होतं आणि तडा गेला की पळत सुटतो. रिबिटांच्या जहाजात तो प्लेटेच्या कडेला थांबे, वेल्ड केलेल्या जहाजात सगळं पोलाद एकसंध, त्याला थांबायला जागाच नाही. सांधा चांगला मारणं पुरेसं नाही, सांधा कुठे असावा हेही कळलं पाहिजे, हा धडा जगभरच्या वेल्डिंगच्या अभ्यासात त्या फाटलेल्या जहाजांनी घातला.

मुंबईतही युद्धानं काम आणलं. सागरी वाहतुकीच्या धामधुमीत दुरुस्तीला येणाऱ्या जहाजांची रीघ लागली. होल्क-लार्सन आणि टुब्रो या दोन डॅनिश अभियंत्यांनी १९३८ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या भागीदारीनं जहाज दुरुस्तीसाठी ‘हिल्डा’ नावाची वेगळी कंपनी काढली. त्यातून जमलेल्या हातांवर पुढे पवईच्या दलदलीत आणि झाडीत एल अँड टीचे कारखाने उभे राहिले. सरकारनंही लष्कराला आणि दारूगोळा कारखान्यांना कारागीर हवेत म्हणून तांत्रिक प्रशिक्षणाची योजना देशभर काढली. ब्रिटनचे मजूरमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांच्या नावानं १९४१ मध्ये सुरू झालेल्या योजनेत भारतीय कामगार शिकायला थेट इंग्लंडला पाठवले गेले. तिथे त्यांना ब्रिटिश कामगारांच्या बरोबरीनं यंत्रावर उभं केलं. आपल्याकडे वर्कशॉपमध्ये युरोपियन फोरमनशी मान वर करून बोलायची सोय नसलेल्या माणसांना हा अनुभव नवा होता.

युद्ध संपलं आणि प्रश्न आला, सैन्यातून परतलेल्या जवानांचं काय? त्यांच्यासाठी १९४५ मध्ये पुनर्वसन आणि रोजगार महासंचालनालय झालं. फाळणीनंतर निर्वासितांचीही भर पडली. या दोन्ही गरजांतून उभ्या राहिलेल्या वर्गांना १९५० मध्ये कायमचं रूप मिळालं, कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आपली आयटीआय, जन्माला आली. १९५६ मध्ये अभ्यासक्रम आणि परीक्षा देशभर एकसारख्या करणारी परिषद स्थापन झाली. १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारांचा कायदा आला आणि कारखान्यांना ॲप्रेंटिस घेणं बंधनकारक झालं. महाराष्ट्रात आज चारशेहून अधिक सरकारी आयटीआय आहेत.

आयटीआयनं केलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे उस्तादाची कृपा गरजेची राहिली नाही. आठवी पास झालेला कुठल्याही जातीचा मुलगा अर्ज भरून वेल्डर ट्रेडला बसू शकत होता. फिटरला दोन वर्षं, वेल्डरला एक. रॉडचा नंबर, करंट किती अँपिअर, प्लेटेची कड किती अंशांत तासायची, हे फळ्यावर लिहून दिलं जाऊ लागलं. गुपित राहिलं नाही. उणीव होती ती वेळेची आणि कामाच्या स्वरूपाची. एका वर्षात मुलगा मुख्यतः नमुने जोडतो, सहा इंची प्लेटेचे तुकडे, आडवे, उभे, डोक्यावरचे. तुकडा तासला, जोडला, दाखवला, भंगारात गेला. त्यातून हात घडतो, पण तुकड्याचं पुढे काही बनत नाही. बाहेरच्या जगाला मात्र टाक्या, जिने, ट्रॉल्या, हॉपर हवे असतात.

या मधल्या पायरीवर नेमकं काय असतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. १० मिलिमीटर जाडीच्या प्लेटेचं, आतून एक मीटर व्यासाचं नळकांडं करायचं आहे. नवशिका एक मीटरला पायनं गुणून ३,१४२ मिलिमीटर लांबीची प्लेट कापतो. रोल केल्यावर नळकांडं आतून लहान भरतं. कारण वाकताना प्लेटेची आतली बाजू दाबली जाते, बाहेरची ताणली जाते आणि फक्त मधली रेघ आपली लांबी टिकवते. हिशेब त्या मधल्या व्यासाचा, म्हणजे १,०१० मिलिमीटरचा, करायचा. लांबी येते ३,१७३. एकतीस मिलिमीटरचा फरक, आणि एक अख्खी प्लेट वाया.

किंवा साधा टी-सांधा घ्या. आडव्या प्लेटेवर उभी प्लेट ठेवली, गुण्यानं नव्वद अंश पाहिले, दोन टाके मारले आणि एका बाजूनं सलग बीड ओढली. निवताना बीड आकसते आणि उभी प्लेट तिच्याकडे झुकते. जाणकार माणूस ती आधीच दोन-तीन अंश उलट बाजूला कलती ठेवतो आणि सांध्याला ती ओढून सरळ करू देतो. चौकट असेल तर एका कोपऱ्यानंतर समोरचा कोपरा भरतो, प्रत्येक वेळी दोन्ही कर्ण मोजतो, आणि लांब सांधा तुकड्यातुकड्यानं मागे मागे येत पुरा करतो. चाकावर धाव आवळणारा लोहार या आकसण्याला कामाला लावत होता, वेल्डरही शेवटी तेच शिकतो. तोवर तो त्याच्याशी झगडतो आणि घणानं चौकटी सरळ करत बसतो.

ग्रामीण महाराष्ट्रात ही पायरी शिकवणारी सर्वांत मोठी शाळा कोणत्याही सरकारी यादीत सापडणार नाही. ती म्हणजे साखर कारखाना. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं प्रवरेच्या काठी लोणीला पहिला सहकारी कारखाना उभा राहिला आणि १९५० संपता संपता त्याचं गाळप सुरू झालं. पुढच्या काही दशकांत कोल्हापूरपासून मराठवाड्यापर्यंत धुराडी दिसू लागली. साखर कारखाना म्हणजे मैलभर पाइप, उंच टाक्या, बॉयलरच्या नळ्या, उसाच्या रसानं सतत झिजणारं लोखंड. गाळप संपलं की पावसाळ्याचे महिने सगळी यंत्रं उघडी पडतात. ऑफ सीझनमध्ये झिजलेल्या जागी भरण घालायचं, पाइप बदलायचे, गळक्या टाक्यांचे तळ नवे करायचे. बॉयलर अग्निप्रदीपनाची तारीख ठरलेली असते, ती टळत नाही. गावचा हेल्पर अशा तीन-चार पावसाळ्यांत जेवढं फॅब्रिकेशन शिकतो तेवढं शहरातल्या ग्रिलच्या दुकानात दहा वर्षांत शिकत नाही, कारण इथे एकच काम दोनदा क्वचितच येतं.

यातलं एक काम तर फारच विलक्षण. ऊस पिळणाऱ्या रोलरच्या दात्यांना धार राहिली नाही की ऊस घसरतो. गाळप थांबवणं परवडत नाही. मग वेल्डर फिरत्या रोलरसमोर उभा राहतो आणि दाते समोरून सरकत असताना, वर रस ठिबकत असताना, त्यांच्यावर कठीण धातूचे ठिपके टाकत जातो. यंत्र त्याच्यासाठी थांबत नाही, त्यालाच आपला हात यंत्राच्या गतीला लावावा लागतो. असं काम करणारे पश्चिम महाराष्ट्रात अनेक आहेत. त्यांतल्या पुष्कळांकडे प्रमाणपत्र नाही.

बॉयलरच्या नळीला मात्र प्रमाणपत्राशिवाय हात लावता येत नाही. बॉयलर फुटून माणसं मरत, म्हणून १९२३चा कायदा आणि १९५०चे नियम, म्हणजे आयबीआर, आले, आणि वाफेच्या दाबाखालचा सांधा मारणाऱ्यानं बाष्पके निरीक्षकापुढे परीक्षा दिलीच पाहिजे असं ठरलं. गावातल्या वेल्डरचं पुढे जाण्याचं पहिलं मोजमाप तेच बनलं. आयबीआरची परीक्षा पास आहे, एवढ्या वाक्यानं रोजंदारी वाढते.

मुंबईत या दर्जाचं काम ट्रॉम्बेनं आणलं. १९५४ आणि १९५५ मध्ये तिथे दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले आणि पाइप वेल्डिंग हा वेगळा पेशा झाला. १९७४ मध्ये मुंबई हायला तेल लागलं. समुद्रातले फलाट बांधण्याचं काम माझगाव डॉकनं न्हावा इथल्या यार्डात हाती घेतलं. तेलाच्या किमती वाढून आखाती देशांत बांधकामांचा धडाका सुरू झाला तो याच दशकात. मुंबईच्या उपनगरांत ट्रेड टेस्टच्या शेड उघडल्या. कोकणातून, उत्तर प्रदेशातून, बिहारमधून आलेले वेल्डर तिथे रांगेत उभे राहिले. परीक्षा सिक्स-जी नावाची. पाइप ४५ अंशांत तिरका पक्का बांधलेला, तो हलवायचा नाही, माणसानं त्याच्याभोवती फिरायचं. एकाच फेरीत खालून, बाजूनं, वरून, सगळ्या स्थितींतला सांधा येतो. आधी मुळातला थर, तो आतून एकसारखा उतरला पाहिजे. मग भरण, मग वरची टोपी. नंतर सांध्याच्या पट्ट्या कापून वाकवतात किंवा त्याचा एक्स-रे काढतात. आतला ब्लोहोल डोळ्याला दिसत नाही, फिल्मवर दिसतो. या फिल्मनं हजारो घरांचं नशीब ठरवलं, रत्नागिरी-रायगडमधल्या कितीतरी चिरेबंदी घरांचे पैसे आखातातल्या पगारातून आले आहेत.

देशातली अवघड कामंही याच हातांनी केली. माझगाव डॉकमध्ये बांधलेली ‘आयएनएस शाल्की’ ही भारतात बांधलेली पहिली पाणबुडी ७ फेब्रुवारी १९९२ रोजी नौदलात दाखल झाली. पाणबुडीच्या कवचाचा प्रत्येक सांधा समुद्राच्या दाबाखाली टिकायचा असतो, त्यामुळे त्या पोलादासाठी वेल्डरना वेगळं तयार करावं लागलं. साखर कारखान्यांची यंत्रं बनवणाऱ्या वालचंदनगरमध्ये अग्निबाणांच्या मोटारींची कवचं तयार होतात. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याचं कवच २.८ मीटर व्यासाचं, मॅरेजिंग पोलादाचं. उसाच्या टाक्यांवर शिकलेल्या परिसरातून अवकाशात जाणारं नळकांडं निघालं, ही महाराष्ट्राच्या कारागिरीची अभिमानानं सांगावी अशी गोष्ट आहे.

अशा कामात हवामानाचीही गाठ असते. ७०१८ जातीचा रॉड ओलावा शोषतो. मुंबईच्या पावसाळ्यात उघड्या पाकिटातला रॉड तसाच वापरला तर त्यातला हायड्रोजन सांध्यात शिरतो आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, आतून तडा जातो. म्हणून रॉड वापरण्यापूर्वी तीनशे-साडेतीनशे अंशांच्या ओव्हनमध्ये भाजून घ्यायचे आणि गरम डब्यातून एकेक काढायचे. छोट्या दुकानात ओव्हन नसतो. तिथला वेल्डर कितीही चांगला असला तरी जुलैतला त्याचा सांधा ट्रॉम्बेच्या सांध्याइतका भरवशाचा होत नाही, आणि दोष मात्र त्याच्या हाताला दिला जातो.

पत्र्याच्या कामाचा इतिहास थोडा निराळा. १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी गोदरेजनं विक्रोळीत काही महिन्यांत बारा लाखांहून अधिक मतपेट्या बनवल्या. असं काम जिगवर चालतं. पत्रा साच्यात बसतो, साचा काटकोन सांभाळतो, कामगार एकच क्रिया दिवसभर करतो. उत्पादन प्रचंड होतं, शिकणं थांबतं. १९६२ मध्ये एमआयडीसी आली आणि भोसरी, चिंचवड, सातपूर, वाळूज, बुटीबोरी अशा वसाहतींत जिगवरचं काम आणि हाताचं काम, अशा दोन्ही तऱ्हा शेजारी शेजारी वाढल्या. मोठ्या वाहन कारखान्यांत आता रोबो स्पॉट वेल्डिंग करतात. मागच्या गल्लीतल्या दोन गाळ्यांच्या वर्कशॉपमध्ये अजून माणूस खडूनं रेघ मारतो, आणि रोबोला लागणारं जिग, फिक्स्चर, मशीनचा सांगाडा तिथेच तयार होतो.

या गाळ्यांत धूर बाहेर ओढणारा पंखा क्वचित दिसतो. वेल्डिंगच्या धुरात मँगनीज असतं, गॅल्व्हनाइज्ड पाइप जोडताना जस्ताचा धूर निघतो आणि रात्री थंडी-ताप भरतो. हे सगळं आयटीआयच्या पुस्तकात छापलेलं आहे. वर्कशॉपमध्ये ते कोणी वाचून दाखवत नाही. मुलींची संख्याही वेल्डरच्या वर्गात अजून मोजकी आहे. पालापुढे घण मारणाऱ्या बाईची नात आयटीआयच्या फाटकातून आत गेली तर तिला शिवणकाम आणि कॉम्प्युटरचा वर्ग आधी सुचवला जातो.

अभ्यासक्रमात मात्र आता मधल्या पायरीची दखल घेतलेली आहे. साध्या वेल्डरबरोबर फॅब्रिकेशन आणि फिटिंगचा वेल्डर, स्ट्रक्चरल वेल्डर, पाइप वेल्डर, मिग-टिगचा वेल्डर असे एक-एक वर्षाचे वेगळे ट्रेड आखलेले आहेत. पूर्वीच्या अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोयही आता झाली आहे. अडचण शिकवणाऱ्यांची आहे. आयटीआयमध्ये निदेशक व्हायला निदेशक प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं, आणि फिरत्या रोलरवर ठिपके टाकणाऱ्या, चौकटीचे कर्ण डोळ्यांनी ओळखणाऱ्या साठीच्या माणसाकडे ते नसतं. त्याला दर पावसाळ्यात, ऑफ सीझन चालू असताना, तालुक्याच्या आयटीआयमधल्या मुलांना कारखान्यात बोलावून टाकीचा तळ कसा आखायचा ते दाखवायला मानधन देऊन नेमायला हवं. त्यासाठी नवी इमारत लागत नाही. साखर कारखाने आहेत, आयटीआय आहेत, बहुतेक ठिकाणी दोन्हींमधलं अंतर एसटीच्या एका तिकिटाचं आहे.